मागचा डबा

१

“सुनेले मागच्या डब्यात बसव. आपल्या डब्यात जागा नाई.”

सासूबाईंचं हे बोलणं मोनालीसाठी नव्हतंच. स्वयंपाकघरात नळ सोडून, त्या आवाजाच्या आडोशानं त्यांनी ते आपल्या मुलाला, कुलदीपला सांगितलं होतं. पण चंद्रपूरच्या नळाचा भरवसा तो काय. पाणी मध्येच गेलं आणि वाक्याचा शेवट उघड्यावर पडला. दाराबाहेर मोनाली चहाचे रिकामे कप घेऊन उभी होती. ती चार पावलं मागे गेली, कप मुद्दाम एकमेकांवर वाजवले, आणि काहीच ऐकलं नसल्यासारखी आत आली.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. सिंदेवाहीहून ती इथं आली ती फारसं न बोलता, आणि आल्यावरही तिनं आपला स्वभाव बदलला नाही. तिला पाहायला आले तेव्हा मुलीला स्वयंपाक येतो का, हे कोणी विचारलं नव्हतं. पत्रिका तर त्यांच्या बौद्ध समाजात बघतच नाहीत. सासूबाईंनी मागितला तो रक्ताचा रिपोर्ट. सिकलसेल आहे की नाही, तेवढंच. खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि मगच मान वर करून मुलीचा चेहरा पाहिला. मोनालीला तेव्हा हसू आलं होतं. पुढे त्या घरात पाऊल टाकल्यावर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली लावलेला तो तिसरा फोटो पाहिला, तेव्हा ते हसू जिथल्या तिथं विरलं. फोटो धाकट्या नणंदेचा, संघप्रियाचा. आईबाप दोघांच्याही रक्तात तो आजार दडून बसलेला. त्यांच्या लग्नाच्या वेळी तपासत कोण होतं? कुलदीप नुसत्या वाहकाच्या पिवळ्या कार्डावर सुटला. संघप्रियाच्या वाट्याला रुग्णाचं लाल कार्ड आलं. मागच्या हिवाळ्यात ती गेली.

आणि आता दर रविवारी, दिवेलागणीला, हे घर चिचटेकडीच्या रोपवेनं वर जायचं. शहराचे दिवे बघायचे, चहा प्यायचा, खाली यायचं. मोनालीचा तो पहिलाच रविवार होता.

रोपवेचा डबा चार जणांचा. सासरे, सासूबाई, कुलदीप आणि ती धरून माणसंही चारच. मग जागा नव्हती ती कोणाची, हे तिनं बसमध्ये बराच वेळ मनाशी मांडून पाहिलं. तिला कोणी जाडही म्हटलं नसतं.

२

खालच्या स्टेशनावर कुलदीपनं तिकिटं काढली. त्यानं पाच घेतली हे तिनं पाहिलं, आणि आपण पाहिलं हे त्यानं पाहू नये म्हणून ती भिंतीवरचा सूचनाफलक वाचत राहिली. डबे एकामागून एक, थांबल्यासारखे करत पण न थांबता पुढे सरकत होते. देवराव, म्हणजे सासरे, पुढच्या डब्यात चढले. मग सासूबाई. कुलदीपनं ओशाळल्या चेहऱ्यानं सांगितलं, की आईला दाटीवाटीत कोंडल्यासारखं होतं, तर तू मागचा घे, अख्खा डबा एकटीला, राणीसारखी. राणी मागच्या डब्यात बसली. पोराटोरांना सांगावं तसं ‘डोकं सांभाळा’ म्हणून दार लावलं गेलं.

जमीन पायाखालून सुटली. खाली सागाची वाळकी पानं अंधारात बुडत चालली होती. उंची आली तसं शहर उलगडू लागलं. बल्लारशाच्या रस्त्याची पिवळी रांग, रेल्वेचे हिरवे-तांबडे ठिपके, वीज केंद्राच्या चिमण्यांच्या टोकावर मंद उघडमीट करणारे लाल दिवे, त्यापलीकडे उघड्या खाणीतली पांढरी झगमग. दुसऱ्या अंगाला मात्र काहीच नाही. तिकडे जंगल. कोणी अर्धं जग पुसून ठेवावं तसं.

पुढचा डबा त्या उजेडाच्या बरोबर समोर आला. काचेतून डोकी काळी काळी दिसत होती. सासऱ्यांची टोपी, सासूबाईंचा अंबाडा, कुलदीपचे उभे राहणारे केस. आणि सासूबाईंच्या शेजारी आणखी एक. थोडं खाली झुकलेलं, लहानसं.

मोनालीनं डोळे मिटून उघडले. ती बावळट नव्हती. बी.एस्सी. झालेली होती. काच दुहेरी असते, त्यात आपलंच प्रतिबिंब पडतं, हे तिला कळत होतं. तिनं डोक्यावरचा स्कार्फ काढला, मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. पुढच्या डब्यातलं ते डोकं हललं नाही. मग तिला आठवलं, सासूबाईंची मोठी पिशवी आहे. पिशवी सीटवर उभी ठेवली की अशीच दिसणार. तिला इतकं बरं वाटलं, की वर उतरल्यावर ती आपण होऊन सगळ्यांसाठी चहा आणायला निघाली.

चहाच्या टपरीवर त्या तिघांनी पाच कप मागवायला लावले. एक कप कठड्यावर ठेवला गेला आणि निवत राहिला.

३

खुलासा कुलदीपनं दुसऱ्या दिवशी गच्चीवर केला. कपडे वाळत घालताना तो मागून आला आणि टेकडीकडे बोट दाखवून म्हणाला, की हे खांब उभे राहिले ते सगळे संघानं, म्हणजे संघप्रियानं, इथून पाहिले. दुखणं नसलं की तिला खुर्ची टाकून गच्चीवर आणून बसवायचे. कुठला खांब कधी चढला, तार कधी ओढली, तिला पाठ होतं. रोपवे सुरू झाला की पहिल्याच दिवशी जायचं, रात्रीचं गाव वरून बघायचं, असं तिनं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. ती गेली आणि त्यानंतर महिनाभरात तो सुरू झाला. पहिल्या रविवारी आई उठली, साडी बदलली आणि म्हणाली, चला. खिडकीवर तिनं तिकिटं चार मागितली. कोणाची तिला अडवायची छाती झाली नाही.

“आपण श्राद्ध करत नाई, पिंड ठेवत नाई, कावळ्याची वाट पाहत नाई,” कुलदीप म्हणाला. “बरोबरच आहे ते. पण मंग माणसानं करावं काय? आईपाशी हे एवढंच आहे.”

मोनालीनं ओला टॉवेल तारेवर टाकला आणि आता सांगावं, की पिशवी सीटवर उभी ठेवली की कशी दिसते, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण कुलदीपच पुढे बोलला. उन्हाळ्यात शेजारच्या एका बाईनं सांगितलं होतं, की संघा माझ्या स्वप्नात आली, दारात उभी होती. झालं. आईनं दार लावू देणं बंद केलं. चार रात्री उंबऱ्यात बसून काढल्या, पोटात अन्न नाही. सलाइन लावावी लागली. आता कुठे ती सावरते आहे. वर्षाचं पुण्यानुमोदन झालं, तिच्या नावानं वंदना झाली, की रविवार बंद करू, असं तिनंच कबूल केलं आहे.

“तू बोलत नाईस, मले माहीत आहे. पण तरी सांगून ठेवतो. दिसली, वाटलं, भास झाला, असलं काई आईपुढे काढू नको. काढलं तर ती आता वाचत नाई.”

मोनालीनं मान हलवली. मान हलवणं ही तिच्या हातखंडा गोष्टींपैकी एक होती.

४

पुढच्या रविवारी तिनं पिशवी सासूबाईंकडून मागून घेतली. म्हणाली, मी धरते, तुमचा हात दुखेल. पिशवी मांडीवर घेऊन ती मागच्या डब्यात बसली. पुढे काळोखात डोकी दिसायला लागली तेव्हा तिनं पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती, जणू ती उठून पळून जाणार होती.

टोपी, अंबाडा, उभे केस. आणि चौथं.

त्या रात्री ती स्वतःशी तर्कानं भांडली. टेकलेल्या पाठीची सावली असेल. सीटची उशी असेल. शहराच्या उजेडाचे खेळ असतील. तिला या सगळ्यांतलं काहीही चाललं असतं. चाललं नाही ते एकच: उशी मान वळवत नाही. आणि त्या डोक्यानं दिव्यांकडून जंगलाच्या काळोखाकडे, काळोखाकडून दिव्यांकडे मान वळवली होती. सावकाश, पहिल्यांदाच सगळं बघणारं माणूस वळवतं तशी.

भीती वाटायला हवी होती, तशी ती वाटलीही. पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं, आणि ते भीतीपेक्षा जड होतं. पुढच्या डब्यातल्या तिघांपैकी एकालाही संघा दिसत नव्हती. आई तिच्यासाठी जागा राखत होती, बाप तिच्यासाठी चहा मागवत होता, भाऊ तिकीट काढत होता. आणि ज्या एकटीला ती दिसत होती, तिनं तिला जिवंतपणी कधी पाहिलंच नव्हतं.

५

डिसेंबरात थंडी वाढली. एका दुपारी सासूबाईंनी पेटी उघडून गोधड्या उन्हात घातल्या. त्यांत लोकरीचे विणलेले लांब मोजे निघाले, मांडीपर्यंत येणारे. मोनाली ते झटकायला गेली तर सासूबाईंनी हातातून घेतले, पण रागानं नव्हे. मांडीवर ठेवून त्या बसल्या आणि पहिल्यांदाच आपणहून बोलल्या.

थंडी हीच तिची वैरी होती, त्या म्हणाल्या. थंड हवा लागली की रक्त अडायचं आणि हाडं दुखायला लागायची, आधी पायाच्या नळ्या, मग गुडघे, मग कंबर. दिवस कलला की खिडक्या बंद. कार्तिकापासून होळीपर्यंत पोरीला सूर्य बुडाल्यावर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. मैत्रिणींची लग्नं झाली, पोट्टी गेली नाही. भांडायची, रडायची. दुखणं आलं म्हणजे मात्र गुडघे पोटाशी घेऊन पुढेमागे झुलत राहायची, एक शब्द न बोलता. “ओरडली असती तं बरं झालं असतं,” सासूबाई म्हणाल्या. “तिले वाटे आईले तरास होईन.”

मोजे घडी घालून त्यांनी पेटीच्या तळाशी ठेवले. रविवारी जाताना स्वेटर घे हं, वर लई गारठा असते, असं मोनालीला बजावलं आणि त्या भाजी निवडायला निघून गेल्या.

मोनाली पेटीपाशीच बसून राहिली. जन्मभर जिला संध्याकाळचं वारं लागू दिलं नाही, तिलाच ही माणसं भर हिवाळ्यात, उघड्या झडपांच्या डब्यातून दर रविवारी टेकडीच्या माथ्यावर नेत होती. प्रेमानं नेत होती. मेलेल्या माणसाला थंडी वाजत नाही, हे या घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. तसं ते तिलाही ठाऊक होतं.

त्या रविवारी वारा नव्हता. चिमण्यांचा धूर दोरी लावल्यासारखा सरळ वर चालला होता, तो तिनं नीट पाहून ठेवला. आपला डबा हलत नाही हेही पाहिलं. पुढचा डबा हलत होता.

टोपी स्थिर. अंबाडा स्थिर. कुलदीपचा हात वर झाला होता, तो बापाला खाली काहीतरी दाखवत होता, बहुतेक त्यांचा मोहल्ला. आणि त्यांच्यामध्ये, गुडघ्यात डोकं घालून एक लहान गाठोडं झुलत होतं. पुढे, मागे. पुढे, मागे. त्याच्या तालावर अख्खा डबा तारेवर कुरकुरत होता. खांबावरून जाताना चाकं खडखडली, त्या आवाजात मोनालीनं तोंडावर हात दाबून धरला.

वर उतरल्यावर कुलदीप म्हणाला, आज लय हवा होती, डबा भारी हलून राह्यला होता. देवरावांनी होकार भरला. सासूबाई कठड्याशी उभं राहून, कपातून निघणाऱ्या वाफेकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मोनालीला बोलायचं होतं. तिनं त्या चेहऱ्याकडे पाहिलं, सलाइनची बाटली आठवली, आणि चहात साखर ढवळत राहिली, जी केव्हाच विरघळली होती.

६

जानेवारीत वर्ष झालं. घरी भंतेजी आले, वंदना झाली, नातेवाइकांची जेवणं झाली. संध्याकाळी माणसं पांगल्यावर सासूबाईंनी फोटोपुढची मेणबत्ती सरळ केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “आज शेवटचं. आजच्यानंतर नाई.” मग मोनालीकडे वळून, “तू आज आमच्यासंग बसशीन. पोरी, आता ती जागा तुही.”

कुलदीपनं खाली मान घातली. देवराव उठून परसात गेले आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिले. या घरात तिला मिळायचं ते सगळं त्या एका वाक्यात मिळालं होतं. लग्नात घातलेल्या मण्यांत ते नव्हतं, किल्ल्यांच्या जुडग्यात नव्हतं. मोनालीला कळत होतं, की सासूबाईंनी ते शब्द किती खोलातून काढले असतील. ती त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिला उठवून छातीशी धरलं, तेव्हा त्यांचं हृदय पक्ष्यासारखं धडधडत होतं.

तिकिटं त्या दिवशी चारच काढली.

ती चौथ्या सीटवर बसली. नुसती सीट होती. गार, इतर सीटांइतकीच. सासूबाईंनी तिचा हात धरून ठेवला आणि वाटेत दिवे दाखवले: तो सरकारी दवाखाना, ती संघाची शाळा, ती आपली पाण्याची टाकी. बोलता बोलता त्यांना एक जुनी गंमत आठवली. देवराव एकदा रात्रपाळी करून पेंगत आले आणि दुसऱ्याच्याच घरी जेवायला बसले होते. त्या हसल्या. मोनालीनं त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं. कुलदीपचे डोळे भरून आले.

मोनाली हसली, आणि मग तिनं मान वळवली. वळवायची नाही असं ठरवलेलं असतानाही.

मागचा डबा, तिचा डबा, काळोखातून वर येत होता. त्यात कोणी चढलं नव्हतं, तिच्या डोळ्यांदेखत तो रिकामा सुटला होता. तो तारेवर पुढेमागे झुलत होता.

वर ती कठड्यापर्यंत गेलीच नाही. चहाही नको म्हणाली. उतरताना तिनं हट्टानं पाठ मागे करून बसायची जागा घेतली आणि पायांकडे बघत राहिली. तार मात्र एकच असते. मागच्या डब्याची कुरकुर तारेतून येत होती आणि तिच्या सीटच्या दांड्यात उतरत होती, खालपर्यंत.

७

खालच्या स्टेशनापासून रस्त्यापर्यंत एक लांब उतार आहे, कडेला लोखंडी कठडा आहे, वर ट्यूबलाइट. सासूबाई भराभर चालत होत्या. वर्षभरात त्या कधी अशा चालल्या नसाव्यात. उद्यापासून काय काय करायचं ते सांगत होत्या, गच्ची धुवायची आहे, मोनालीला माहेरी धाडायचं आहे आठ दिवस, तिची आई वाट पाहत असेल. देवराव बाजूनं हं हं करत होते. कुलदीप ऑटोला हाक मारायला पुढे धावला. उताराच्या टोकाशी ते तिघं एकाच उजेडात आले आणि मोनालीला वाटलं, हे घर बरं होतं आहे. आपण फक्त गप्प राहायचं आहे. आणि ते तर आपल्याला जमतं.

पाठीमागे डबा येऊन लागल्याचा आवाज झाला. दार उघडलं गेलं. आत कोणी नाही म्हणून लावून घेतलं गेलं.

मग उतारावर पाऊल वाजलं. एक. बऱ्याच वेळानं दुसरं. मध्ये कठड्याच्या लोखंडावर हात सरकल्याचा आवाज, कोणीतरी सगळा भार हातावर घेऊन स्वतःला पुढे ओढावं तसा. रडणं नाही, हाक नाही. पुन्हा एक पाऊल.

मोनालीनं वळून पाहिलं.

ट्यूबलाइटच्या पलीकडे, जिथं उजेड संपतो, तिथं ती वाकून उभी होती. एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर दाबलेला. मोनालीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती पुढे बघत होती, उताराच्या टोकाशी लांब लांब जाणाऱ्या आईच्या पाठीकडे. घाई करायचा प्रयत्न करत होती, आणि ओरडत नव्हती.

ऑटो आला. सासूबाई चढायला वाकल्या. देवरावांनी वळून हातानं खूण केली, चाल लवकर. कुलदीपनं मोनालीचा चेहरा पाहिला आणि त्याची मान नकारार्थी हलायला लागली, हळूहळू, विनवल्यासारखी. आपण काय मोडतो आहोत हे मोनालीला पूर्ण कळत होतं. ती सीट, ते हसू, त्या बाईच्या छातीतली ती धडधड, सगळं. ती जागची हलली नाही. तिचा आवाज फुटला तेव्हा तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही, इतका साधा होता.

“आई, जरा थांबा. तिचे पाय दुखून राह्यले, तिले इतकं भराभरा चालवत नाई.”